शेवटच्या गाण्यातली बाई

जयदेवची आई सगुणाबाई ही बेलवलीतल्या लग्नांत धवळे गाणारी धवलारीण. कॉलेजचे मित्र घरी यायचे असले की तो तिला आधीच बजावायचा, "आये, आज गुणगुणायचं नाही हां."

त्या रविवारी मित्र घरी जमले आणि उल्हासनगरच्या लाडक्या रॅपरची, लकी डीची, नवी कॅसेट लागली. "मागच्या कॅसेटमध्ये नुसता धांगडधिंगा होता," जयदेव मित्रांना सांगत होता, "या वेळी मात्र पोरगा मनातलं बोललाय." शेवटच्या गाण्यात ठेका एकदम थांबला आणि एका बाईचा आवाज उठला, हळदीच्या अंगणातून यावा तसा, ओला आणि उघडा.

श्रीपाद उडालाच. "काय आवाज आहे यार! कोण ही?" त्याने कव्हर उलटसुलट करून पाहिलं. "तबलेवाल्याचंसुद्धा नाव आहे, हिचंच नाही!"

जयदेवने पहिल्याच सुराला ओळखलं होतं. तो उठून आत चुलीपाशी गेला. मान वर होत नव्हती.

"आये, तुझं नाव का नाही छापलं त्यांनी?"

 

भाकरी उलटत ती हळूच म्हणाली, "त्यांनी इचारला होता रं. मीच नको बोल्ले. तुजे दोस्त वाचतीन ना."