हाताचा गुण

टिटिकाका सरोवराकाठी नवी गाडी पुजायला नेली, तेव्हा सासरे फाउस्तिनो यांनी रिवाजाप्रमाणे टपावर बिअर शिंपडली आणि बाटली हलकेच टेकवली. घरी येऊन फुलांच्या माळा काढल्या, तर छताच्या काचेला तडा!

"बाबा, बाटली जरा जोरातच लागली वाटतं," जावई रुबेन म्हणाला.

काल ती काच बदलून झाली. आज शेजारीण एउलालिया दारात आली. "तात्या, उद्या आमची मिनीबस पुजायचीय. तुम्हीच या. गल्लीतल्या सगळ्या गाड्या तुमच्याच हातच्या."

"दुसऱ्या कुणाला तरी ने, पोरी. माझ्या हाताला गुण राहिला नाही आता."

रुबेनला कसंसंच झालं. पूजेच्या आदल्या दिवशी, बायको नको नको म्हणत असताना, त्यानेच टपावर शिडी चढवली होती. ती निसटून काच तडकली, म्हणून तर त्याने वर माळा पसरल्या होत्या. सगळं सांगून टाकायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली.

"बाबा हल्ली थकलेत हो," तो शेजारणीला म्हणाला.

फाउस्तिनोंनी मान डोलावली आणि दोन्ही हात पोंचोच्या आत घेतले.