दोऱ्यातली वाट

अकील दोऱ्याच्या पलीकडे उभा होता. मागे त्याची जीप चालूच होती.

"ताई, चला," तो म्हणाला. "ऋत्विकभाऊनं पाठवलं. काकाजींले सकाळी अकोल्याले भरती केलं. तुमचंच नाव घेऊन राह्यले."

प्रेरणा दोऱ्याच्या आत होती. दोरा तो केवढा, हळदीत बुडवलेलं कच्चं सूत, गुडघ्याएवढ्या उंचीवर या झाडावरून त्या झाडाला नेलेलं. बकरीनं अंग घासलं तरी तुटावं. पण सकाळपासून त्यानं सातपुड्याच्या पायथ्याचं हे अख्खं कोरकू गाव बांधून ठेवलं होतं. दिवस बुडाला की भूमका, म्हणजे गावचा पुजारी, गाठ सोडणार. तोवर आतल्यानं बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही आणि झाडाचं पानसुद्धा तोडायचं नाही. गावातल्या सगळ्या कुऱ्हाडी आणि विळे मोहाच्या झाडाखाली देवापुढे ढीग घालून ठेवले होते. माणसं भोवती सावलीत बसून होती.

"अकील, आत ये ना. नीट सांग, काय झालं?"

"आत कसा येऊ? काल सोडाले आलो तं तुमीच बजावलं. दोऱ्याले पाय लावजो नको म्हणून."

तिनं बजावलं होतं खरं. हातातला फोन वाजला.

"निघाली का?" तिच्या भावानं, ऋत्विकनं विचारलं. "डॉक्टर म्हणते, बाबांचं काही खरं नाही, घरच्यांले बलावून घ्या."

"निघते," प्रेरणा म्हणाली आणि जागची हलली नाही.

गाव बांधणं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिचा प्रबंधच त्यावर होता. आज दोरा नीट सुटला, की वर्षभर रानात सगळ्यांना त्याचा धाक. आचार, म्हणजे चारोळीचं फळ, पिकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, चारोळीसाठी फांद्या उतरवायच्या नाहीत, ओलं झाड पाडायचं नाही. दिवस असताना कोणी दोरा ओलांडला, तर त्या सालचं बांधणं वाया. एका सालात गाव दोनदा बांधत नाहीत. मग ज्याच्या हाती कुऱ्हाड, त्याचं रान. आणि यंदा बाजारात चारोळीला भाव होता. कच्चाच आचार ओरबाडून न्यायला पलीकडच्या गावांतली माणसं कधीची टपली होती. या गावातल्या पोरांचेही हात शिवशिवत होतेच.

तानुबाई मोहाखालून उठून तिच्याजवळ आली. प्रेरणा गावात आली की हिच्याच घरी राहायची. ती वरवट बकालहून निघाली की तिचे वडील हिंमतराव दर खेपेला तिच्याबरोबर तानुबाईसाठी भरताची वांगी द्यायचे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. कालची वांगी अजून तिच्या ओसरीत टांगलेली होती.

"वांग्यावाले बाबा?" तानुबाईनं विचारलं.

प्रेरणानं मान हलवली. तिला रडू फुटलं. "मावशी, भूमकाबाबांना सांग ना. आत्ताच सोडू दे गाठ."

"दिवस असताना सोडली तं तोडलीच म्हणा."

"मग मी काय करू?"

"जायाचं तं जाय, माय. तुले कोणं धरलं?"

धरलं कुणीच नव्हतं. मोहाखालचं कुणी उठलं नाही, कुणी ओरडलं नाही. नुसते पाहत होते. तेच तिला सोसवेना. एखाद्यानं वाट अडवली असती तर ती भांडली तरी असती.

"ती खालच्या अंगाची वाट..." ती म्हणाली आणि पुढचं बोलायची तिला लाज वाटली.

गावानं आजवर नाल्याकडच्या अंगाला दोऱ्यात माणूस जाईल एवढी वाट ठेवली होती. बाळंतीण अडली, कुणाला सापाचं पान लागलं, तर त्या वाटेनं न्यायचं. तेवढ्यानं देव रागावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण विद्यापीठाला अस्सल लागतं. एका म्हाताऱ्यानं तिला सांगितलं, माझ्या आजाच्या काळी वाट नव्हती. तिनं तेच धरलं. यंदा जुन्यासारखं करा, सबंध बांधा, म्हणून महिनाभर घरोघरी फिरली. आपल्यात जेवणारी, आपल्यात निजणारी पोरगी एवढं म्हणते, तर गावानंही मोडता घातला नाही. सकाळी नाल्याकडचं सूत तिनंच आपल्या हातानं ओढून पळसाला बांधलं होतं आणि फोटो काढून बाबांना पाठवला होता.

"वाट असती तं तू गेली असती," तानुबाई म्हणाली, "अन् दोराही राह्यला असता."

ती हे रागानं म्हणाली नाही. प्रेरणाला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"ताई," अकील हलकेच म्हणाला. "अकोला जवळ नाही."

सूर्य अजून चांगला वर होता. प्रेरणानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग सलवार वर धरली, एक पाय पलीकडे टाकला, तोल सावरला आणि दुसरा पाय इतका अलगद उचलला की सुताला वारासुद्धा लागला नाही. ती बाहेर आली. दोरा होता तसाच होता, ताठ, पिवळा, कुठं तुटलेला नाही.

"मावशी," ती वळून म्हणाली, "तुटला नाही, बघ ना."

मोहाखालची माणसं उठली होती. एकेक जण ढिगातून आपापली कुऱ्हाड काढून रानाकडे वळत होता. तानुबाई ढिगाजवळ वाकून आपला विळा शोधत होती.