बाजेएवढी जागा

"हा मी," म्हणत चनबसप्पा वकिलांनी सरबताचा ग्लास टेबलाच्या एका टोकाला ठेवला. "आणि हे तुम्ही." बशी दुसऱ्या टोकाला सरकली. मधे नेट म्हणून वर्तमानपत्राची घडी.

क्लबच्या व्हरांड्यात सकाळचे आठ वाजले होते. काल टेनिसच्या फायनलला वकील इंजिनिअर साहेबांकडून हरले होते. एक सेट यांचा, एक त्यांचा, आणि तिसरा अकरा-नऊ. असली मॅच क्लबच्या गवतावर कधी झाली नव्हती, असं सगळेच म्हणत होते. वकिलांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या घशात शेवटचा पॉइंट अडकला होता.

"तुमचा बॅकहँड. चेंडू जेमतेम नेटावरून आला. मी धावत पोचलो, रॅकेट खाली घातली. आणि चेंडू उसळलाच नाही! मेल्यासारखा पडला."

"ड्रॉप शॉट तसाच पडतो, वकीलसाहेब." इंजिनिअर साहेब हसले. "दुसऱ्या सेटपासून डोक्यात ठेवला होता. तुम्ही मागं राहायची वाट बघत होतो."

कप घेतानाही त्यांनी चारचौघांत हेच सांगितलं होतं.

जिल्ह्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. अख्खी गावं खडी फोडत होती. आणि इथं एक चेंडू का उसळला नाही याची चौकशी बसली होती.

टेनिस कोर्टाचा माळी बिरप्पा पलीकडं पाइप धरून गवताला पाणी देत होता. रोज तासभर मोटर चालायची. त्यातली दहा मिनिटं तो पाइप भिंतीपलीकडं टाकायचा. तिकडं आठ घरं होती, त्यात एक त्याचं. नळाला पंधरा दिवस पाणी नव्हतं. हे क्लबात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणूनच चाललं होतं.

"बिरप्पा, बा इल्ली!" वकिलांनी कानडीत जवळ बोलावलं. आपल्या मैंदर्गीकडचा माणूस, म्हणून प्रेमाने. "काल तू नेटाच्या खांबापाशी उभा होतास. तो चेंडू कसा आला? खरं सांग. तुझी नोकरी जाणार नाही, माझा शब्द."

बिरप्पाने एकदा वकिलांकडं बघितलं, एकदा साहेबांकडं.

"लाकडाला लागला जी."

"काय?"

"रॅकेटच्या कडेला लागला. टक् वाजलं की. साहेबांनी लांबच मारला हुता. चुकून हितं पडला."

इंजिनिअर साहेबांचे कान लाल झाले. वकिलांना मात्र पक्षकार सुटल्यासारखं झालं. "बरं, चुकून पडला. पण उसळला का नाही?"

बिरप्पाने पाइप दुसरीकडं वळवला. वकील उठून कोर्टावर गेलेच, साहेबही मागोमाग. नेटापासून दोन हात, बाजूच्या रेषेला लागून, बाजेएवढी जागा. लांबून हिरवी दिसत होती. वकिलांनी बुटाने वरचं गवत सारलं. कापून आणून गादीसारखं अंथरलेलं गवत होतं ते. खाली काळी जमीन उलली होती. वकिलांनी खिशातलं पेन भेगेत घातलं. टोपणापर्यंत गेलं.

"ही एवढीच जागा कोरडी कशी?"

"वरीसभर म्या डाग बघतोय साहेब. चेंडू पडला की गवतावर डाग ऱ्हातो. तुमी समदे लांब मारता. हितं एकाचाबी चेंडू कदी पडला न्हाय. म्हणून... हितलं पाणी तेवढं वाचवलं."

"वाचवलं म्हणजे? कशासाठी?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून केराबाईचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला. मागं घागरींचा खणखणाट.

"आवं, टाका की पाइप! खडीवर जायचंय. उशीर झाला तर मुकादम हजेरी मांडंल व्हय?"

सगळ्यात आधी सावरले इंजिनिअर साहेब. त्यांना आता पाय ठेवायला जागा मिळाली होती.

"असं आहे तर. वकीलसाहेब, मला फुकटचा कप नको. पुढच्या रविवारी परत खेळू."

"मीही तेच म्हणणार होतो."

"आणि कोर्ट असं पाहिजे की नंतर कुणाला बोलायला तोंड नको. आठ दिवस एक थेंब भिंतीपलीकडं जाणार नाही."

"साहेब, आठ घरं हायेत," बिरप्पा म्हणाला. "लेकरं हायेत. दहाच मिंटं..."

"अरे, आठच दिवसांचा प्रश्न आहे," वकील समजुतीने म्हणाले. "नोकरी राहिली ना तुझी? मी शब्द पाळला."

दोघांनी हात मिळवले. खेळाडू माणसं. इंजिनिअर साहेबांनी स्वतः वाकून पाइपचं तोंड भेगेत घातलं. "भरेपर्यंत हलू नकोस." मग दोघं व्हरांड्यात गेले. बशी आणि ग्लास पुन्हा समोरासमोर लागले. पहिल्या सेटपासून.

बिरप्पा पाइप धरून उभा राहिला. पाणी जात होतं. भेग बुडबुड करत होती, भरत नव्हती.

भिंतीपलीकडच्या घागरी गप्प झाल्या. बाया कान देऊन ऐकत असाव्यात.

"आवं," केराबाई म्हणाली, "पाण्याचा आवाज तर येतोय की. मग हिकडं का येईना?"