काळजीची सरासरी

माणसाच्या काळजीत समुद्र अडवण्याचं बळ आहे, हे विज्ञानाने अखेर सिद्ध केलं होतं. त्यासाठी फक्त पन्नास गुण लागत. 'सागरछाया' सोसायटीची सरासरी अठरा होती.

प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा काळजी मोजायचा आणि इमारतीची सरासरी पन्नासवर गेली की खाडीचं पोलादी दार आपोआप लागायचं. तळमजल्यावरच्या नलिनी चौकेकरांचे एकटीचे अठ्ठ्याण्णव होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पलंगाखाली त्यांनी आतापर्यंत तीन-तीन विटा लावल्या होत्या.

गच्चीवरच्या सभेत त्यांनी बुडालेल्या गावांचे फोटो फिरवले. सरासरी पंधरावर आली.

"वहिनी, हे सगळं टीव्हीवर बघून झालंय हो," सेक्रेटरी डबीर म्हणाले.

"आणि सातव्या मजल्यावर खाडीचा वारा काय सुंदर येतो!" डबीरबाईंनी भर घातली.

नलिनीताई फोटो गोळा करू लागल्या. "बरं. आणखी वीतभर पाणी चढलं की लिफ्ट बंद पडेल, तेवढं लक्षात ठेवा."

सरासरी एकाहत्तर! खाडीकडून दार सरकल्याची करकर ऐकू आली. सासूबाईंना सांगायला नलिनीताई धावतच जिना उतरल्या.

"घाबरू नका, उपाय आहे!" वर डबीर ओरडले. त्यांनी ठराव मांडला, तो सर्वानुमते मंजूर झाला, सगळ्यांना हायसं वाटलं. सरासरी नऊवर आली आणि दार पुन्हा उघडलं.

लिफ्ट आता पहिल्या मजल्यापासून सुरू होते.