पहिली धार

"पोळपाटावर दूध काढायचं शिकवलं होय गं तुला माहेरी?" भामाबाईंनी सुनेला टोमणा मारला.

शैलानं जुन्या पोळपाटावर भातुकलीच्या चार वाट्या चिकटवल्या होत्या. गाईच्या चार सडांसाठी चार. "आत्याबाई, आज पहिली धार यांत सोडा."

"पहिली धार भुईची. माझ्या सासूनं घालून दिलेली रीत आहे."

चांदी आठवडाभर लाथा झाडत होती. भामाबाईंचं मनगट सुजलं होतं. लाथाळ गाय म्हणून उद्या तिला बाजारात धाडायचं ठरलं होतं.

"जायचीच आहे ती. एक दिवस भुई रुसायची नाही," शैला म्हणाली.

भामाबाईंनी कुरकुरत चारी सडांच्या धारा सोडल्या. शैलानं वाट्यांत धुण्याच्या पावडरीचं पाणी घालून पोळपाट हळूच गोल फिरवला. तीन वाट्यांत दूध नुसतं डुललं. चौथीत मात्र ते साबुदाण्याच्या खिरीसारखं दाटलं, तार धरू लागलं.

"दूध असं दाटलं म्हणजे या सडाला आतून सूज आहे, आत्याबाई. वरून दिसत नाही, पण पिळलं की ठणकत असणार."

भामाबाईंनी तो सड हलक्या हातानं चाचपला. चांदीनं पाय उचलला, आणि तसाच अधांतरी धरला.

"बाय माझी," भामाबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू लाथेनं सांगत राहिलीस, अन् मी तुझं दुखणं रोज भुईत जिरवत राहिले."

बाजारासाठी आणलेलं नवं दावं त्यांनी खुंटीला अडकवलं.

"डॉक्टरला फोन लाव, शैला. अन् भुईला उद्यापासून दुसरी धार."