डी. भोईर

गेटवरच्या कॉम्प्युटरने सलग दुसऱ्या दिवशी दगडाबाई भोईरला बाहेर ठेवलं. पडद्यावर कालचंच वाक्य होतं, प्रयत्न संपले, एक तास थांबा. आठवड्यात तीनदा हजेरी चुकली की काम गेलं, हा नियमही कालचाच.

मशीन नवं होतं आणि नव्या मशीनचा तोरा मोठा. हजेरीच्या पंधरा मिनिटांत एका नावाने तीनदाच आत शिरायचं, चौथ्यांदा मागणारा चोर. आता डोंबिवलीच्या या कारखान्यात ज्या गावाची जमीन गेली, ते गावच अर्धं भोईर. दामाजी, दाजी, दौलत आणि दगडाबाई, चौघंही सकाळच्याच पाळीला. नंबर प्रत्येकाचा वेगळा, पण मशीन मोजायचं नावावर, आणि यादीत चौघंही 'डी. भोईर'. दगडाबाई रांगेत पुढे घुसली असती, तर शेवटी येणारा दौलत अडकला असता. तो तिचा पुतण्या, घरात दोन लहान पोरं. म्हणून ती मागेच राहिली.

मशीन बसवणाऱ्या सामंतसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मशीनची चूक असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"सोपं आहे, बाई. नाव बदलून टाकू. लक्ष्मी. एल. भोईर. दगडाबाईपेक्षा कितीतरी छान वाटतं."

"नाव नाय बदलणार."

"मग उद्या तिसरी हजेरी चुकेल. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

दाराशी उभा असलेला दौलत कळवळला. "काकी, कागदावरच तर हाय. अंगठा दे ना."

दगडाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काम जायची भीती होती, पण त्याहून राग मोठा होता. मशीनला चार माणसं मोजता येत नाहीत आणि बदलायचं मात्र तिने.

सामंतसाहेबांनी फॉर्म पुढे ओढला. खाली एक रकाना होता, नकाराचं कारण. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"काय लिहू? हट्ट?"

दगडाबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"लिवा. यम आमच्या घरी चारदा आला, आयची चार पोरं नेली. पाचव्यांदा आला, तवा आयनं त्याला माजं नाव सांगितलं. हात हलवत गेला."