शनीचं कडं

"थांब की जरा, मेल्या!" भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या कुमुदिनी रेठरेकर दुर्बिणीचा स्क्रू पिळत पुटपुटल्या. पण शनी थांबत नव्हता. जरा कुठे सापडला की भिंगाच्या कडेने निसटायचा. परसदारी नऊ दिवस हाच खेळ चालला होता आणि मोबाइलमध्ये जमले होते ते नुसते पिवळे डाग. तीस वर्षं त्यांनी शनीचं कडं फळ्यावर काढलं होतं, प्रत्यक्षात एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यात शेजारच्या गवाण्यांचा हॅलोजन नेमका डोळ्यांवर यायचा. आज त्यांचा संयम सुटला. कुंपणाशी जाऊन त्या ओरडल्या, "अहो, तो दिवा अर्धा तास बंद ठेवलात तर काय आभाळ कोसळेल?"

गवाणे दिवा मालवून तरातरा आले. "दाखवा, असं काय मोठं आहे तिथं!" म्हणत त्यांनी डोळा लावला आणि न विचारताच स्क्रू फिरवला. एकदम त्यांचा आवाज खाली आला. "बाई... याला खरंच कडं आहे हो."

"सरका!" कुमुदिनीबाईंनी त्यांना जवळजवळ ढकललंच. पण भिंगात फक्त काळोख होता. शनी आंब्याच्या फांदीआड गेला होता.

त्यांना रडू यायला लागलं. दुर्बिणीला लाथ मारावी असंही वाटलं. शेवटी त्या मागच्या पायरीवर बसल्या, गवाण्यांना शेजारची जागा दाखवली आणि म्हणाल्या, "कसं दिसत होतं? सगळं सांगा. काही गाळू नका."